विद्यापीठाचं खातं, वायफाय, लॅब आणि हेल्पडेस्क: कुठलं काम आधी, कुठलं नंतर

सबमिशनच्या आदल्या दिवशी संगणक केंद्राच्या खिडकीपुढे रांग लागते. त्या खिडकीच्या आतल्या बाजूला मी काही वर्षं बसलो आहे. रांगेतल्या दहापैकी आठ जणांचं खरं तर काहीच बिघडलेलं नसायचं. फोन बदलला आणि लॉगिनचा कोड जुन्या फोनवर राहिला. लॅबच्या डेस्कटॉपवर फाइल ठेवली आणि ती रात्रीत नाहीशी झाली. ‘अपलोड केलं’ असं वाटलं, पण शेवटचं बटण दाबायचं राहिलं. हे सगळे प्रश्न एका जातीचे आहेत: काम बरोबर, क्रम चुकलेला.

विद्यापीठाच्या बहुतेक डिजिटल सुविधा एकाच खात्याला टांगलेल्या असतात. ते खातं नीट उभं करण्याआधी बाकीच्या गोष्टींच्या मागे लागलात तर प्रत्येक ठिकाणी घोडं तिथेच अडतं. म्हणून खालच्या पायऱ्या दिल्या आहेत त्याच क्रमाने करा, आणि पहिल्या पाच तरी सत्राच्या पहिल्या दोन आठवड्यांत उरका. तेव्हा कसलीच डेडलाइन डोक्यावर नसते आणि हेल्पडेस्कवरची माणसंही माणसांसारखी बोलतात.

सुरू करण्यापूर्वी

हाताशी ठेवा: प्रवेशाचं पत्र किंवा ओळखपत्र, विद्यार्थी क्रमांक, स्वतःचा खासगी ईमेल, चालू असलेला फोन, आणि एक वही. वही हा शब्द चुकून पडलेला नाही. पुढे जे कोड मिळणार आहेत ते फोनमध्येच ठेवले आणि फोनच हरवला तर त्यांचा उपयोग शून्य.

पायरी १: खातं सुरू करणं

खातं सुरू करायची लिंक बहुधा तुमच्या खासगी ईमेलवर येते आणि तिला मुदत असते. स्पॅम फोल्डरही बघा.

पहिला गोंधळ नावाचा. बऱ्याच विद्यापीठांत तुम्हाला तीन वेगवेगळ्या ओळखी मिळतात: विद्यार्थी क्रमांक, लॉगिनचं छोटं नाव, आणि पूर्ण ईमेल पत्ता. कुठे छोटं नाव चालतं, कुठे पूर्ण पत्ताच लागतो. ‘पासवर्ड चुकतोय’ म्हणून येणाऱ्या कितीतरी जणांचा पासवर्ड बरोबर असतो, नाव चुकीच्या रूपात टाकलेलं असतं. तिन्ही ओळखी वहीत लिहा आणि कोणत्या ठिकाणी कोणती चालते याची नोंद करत जा.

पासवर्ड लांब ठेवा. चार-पाच असंबद्ध शब्दांची माळ ही चिन्हांनी भरलेल्या आठ अक्षरांपेक्षा लक्षातही राहते आणि फोडायलाही अवघड जाते. तो दुसऱ्या कुठल्याही साइटवर वापरलेला नसावा. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर उत्तमच.

पासवर्ड विसरल्यास लिंक कुठे पाठवायची, असा एक रकाना असतो. तिथे निम्मे जण विद्यापीठाचाच ईमेल भरतात. कपाटाची किल्ली त्याच कपाटात ठेवून कुलूप लावण्यासारखं आहे हे. तिथे खासगी ईमेल आणि स्वतःचा मोबाइल नंबर भरा.

तपासा: ब्राउझरची खासगी विंडो उघडा आणि पासवर्ड हाताने टाइप करून लॉगिन करा. नेहमीच्या विंडोत ब्राउझरने तो लक्षात ठेवलेला असतो, त्यामुळे तुम्हाला स्वतःला तो आठवतो की नाही हे तिथे कळत नाही.

नाव, जन्मतारीख आणि अभ्यासक्रम खात्यात बरोबर दिसतात का तेही आत्ताच पाहा. ही माहिती प्रवेश विभागाकडून येते. हेल्पडेस्क ती बदलू शकत नाही, आणि त्या विभागात दुरुस्तीला वेळ लागतो.

पायरी २: दुहेरी पडताळणी, आणि फोन बदलण्याचा योग्य क्रम

सर्वात जास्त माणसं इथे अडकतात, म्हणून इथे जरा थांबतो.

पासवर्डनंतर मागितला जाणारा सहा अंकी कोड तुमच्या फोनमधलं ऑथेंटिकेटर ॲप स्वतःच तयार करतं. खातं जोडताना जो क्यूआर कोड स्कॅन करता त्यात एक गुप्त किल्ली असते. ती किल्ली आणि फोनचं घड्याळ यांच्यावरून साधारणपणे दर ३० सेकंदांनी नवा कोड निघतो. यातून दोन गोष्टी निघतात. एक, कोडसाठी फोनला इंटरनेट लागत नाही, तो विमानातही दिसतो. दोन, फोनचं घड्याळ काही मिनिटं पुढे-मागे असेल तर प्रत्येक कोड चुकीचा ठरतो. कोड सतत नाकारला जात असेल तर आधी वेळेच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘आपोआप’ हा पर्याय चालू करा. माझ्या अनुभवात अशा तक्रारींपैकी बऱ्याच तिथेच मिटतात.

करायचं काय, ते क्रमाने:

१. ॲप बसवा, खातं जोडा, एकदा कोड टाकून चालतो का पाहा.
२. रिकव्हरी कोड मागा, म्हणजे फोन हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे कोड. ही साधारण दहा कोडची यादी असते आणि त्यातला प्रत्येक कोड एकदाच चालतो. वहीत उतरवा किंवा छापून कागदपत्रांच्या फाइलमध्ये ठेवा.
३. दुसरा मार्ग जोडा: टॅबलेट, दुसरा फोन नंबर, किंवा विद्यापीठ देत असेल तर सुरक्षा की (लॉगिनच्या वेळी यंत्राला लावायची छोटी किल्ली).

फोन बदलताना क्रम असा: नवा फोन सुरू करा, जुन्या फोनवरचा कोड वापरून खात्याच्या सुरक्षा पानावर जा, नवा फोन जोडा, नव्या फोनच्या कोडने लॉगिन करून बघा, मग जुना फोन काढा, आणि सगळ्यात शेवटी जुना फोन फॅक्टरी रीसेट करा. लोक शेवटचं काम आधी करतात. दुकानात बसून जुना फोन पुसतात, तो देऊन टाकतात, आणि घरी आल्यावर कोड आठवतो.

सावधान: तुम्ही लॉगिन करत नसताना फोनवर ‘मंजूर करा’ अशी सूचना आली, तर तुमचा पासवर्ड बहुधा दुसऱ्या कुणाच्या हातात गेला आहे. एकामागून एक सूचना येतात त्या तुम्ही कंटाळून एकदा ‘हो’ म्हणावं यासाठीच. नकार द्या आणि ताबडतोब पासवर्ड बदला.

पायरी ३: पासवर्ड बदलताना

याला वेगळी पायरी दिली, कारण ‘माझं खातं पुन्हा पुन्हा लॉक होतंय’ या तक्रारीचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. तुम्ही पासवर्ड लॅपटॉपवर बदलता. खिशातल्या फोनच्या वायफायमध्ये आणि मेलच्या ॲपमध्ये मात्र जुनाच असतो. फोन बिचारा दर काही मिनिटांनी तो पाठवत राहतो. सर्व्हरला वाटतं कुणीतरी घुसायला बघतंय, आणि तो खात्याला टाळं लावतो. हेल्पडेस्क टाळं काढतो, पाच मिनिटांत ते पुन्हा लागतं. एक मुलगी दोन दिवसांत चार वेळा आली होती. शेवटी तिच्या बॅगेच्या तळाशी एक जुना टॅबलेट सापडला, चालू स्थितीत.

म्हणून ज्यावर पासवर्ड बदलणार ते सोडून आधी बाकी सगळ्या उपकरणांचं वायफाय बंद करा. पासवर्ड बदला. मग एकेक उपकरण घ्या: वायफायची जुनी नोंद पुसा, नव्याने जोडा, मेलच्या ॲपमध्ये नवा पासवर्ड भरा. एक पूर्ण झालं की दुसरं.

पायरी ४: वायफाय

अनेक विद्यापीठांत एड्युरोम नावाचं जाळं असतं. एकदा बसवलं की शंभराहून अधिक देशांतल्या सहभागी संस्थांमध्ये तेच खातं चालतं. पण ते चुकीचं बसवलं तर स्वतःच्या आवारात चालतं आणि बाहेर गेल्यावर बंद पडतं. कारण साधं आहे. दुसऱ्या संस्थेचा सर्व्हर तुम्हाला ओळखत नाही. ‘ॲट’ चिन्हापुढचं डोमेन पाहून तो विनंती तुमच्या विद्यापीठाकडे पाठवतो. तुम्ही फक्त छोटं नाव भरलं असेल तर विनंती कुठे पाठवायची हे त्याला कळणारच कसं? म्हणून नाव नेहमी डोमेनसह पूर्ण भरा, मग स्वतःच्या आवारात छोटं नाव चालत असलं तरी.

हाताने सेटिंग भरत बसू नका, विद्यापीठ ज्या ॲपची किंवा इन्स्टॉलरची लिंक देतं ते वापरा. त्याने सर्व्हरचं प्रमाणपत्रही बसतं, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा आहे हे ओळखायची खूण. काही फोनवर ‘प्रमाणपत्र तपासू नका’ असा पर्याय दिसतो आणि मित्र तोच सुचवतात, कारण त्याने लगेच जोडलं जातं. मात्र मग त्याच नावाचं खोटं वायफाय कुणी उभं केलं तर फोन निमूटपणे तुमचा पासवर्ड तिकडे पाठवण्याचा धोका असतो.

प्रवासाला जाणार असाल तर हे सगळं निघण्यापूर्वी आपल्या आवारात करा. तिथे पोहोचल्यावर इन्स्टॉलर उतरवायलाच इंटरनेट लागतं.

काही वसतिगृहांत उपकरणाचा मॅक पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा त्याचा ओळख क्रमांक, नोंदवावा लागतो. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक जाळ्याला स्वतःचा खरा मॅक पत्ता न सांगता बनावट पत्ता सांगतात. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे, पण नोंदवलेला पत्ता आणि फोन सांगतो तो पत्ता जुळत नाही. त्या एका जाळ्यापुरता ‘खासगी पत्ता’ हा पर्याय बंद करा, सगळीकडे नको.

लॉगिनचं पान उघडावं लागतं अशा वायफायवर ते पानच येत नसेल, तर व्हीपीएन (तुमचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत नेणारी जोडणी) आणि खासगी डीएनएस (साइटचे पत्ते शोधण्याची फोनमधली वेगळी सेटिंग) थोडा वेळ बंद करून पाहा.

सावधान: खोलीत स्वतःचा राउटर लावण्याआधी नियम वाचा. माझ्या काळात एकाने राउटरच्या चुकीच्या छिद्रात भिंतीतली वायर लावली. तो राउटर अख्ख्या मजल्याला आयपी पत्ते (जाळ्यावर उपकरणांना मिळणारे क्रमांक) वाटायला लागला आणि मजल्याचं इंटरनेट गेलं. कारण शोधायला आम्हाला दुपार लागली. सगळं बरोबर लावलं तरी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यावर एकमेकांवर न चढणारे चॅनल साधारण तीनच: १, ६ आणि ११. प्रत्येक खोलीत एकेक राउटर म्हणजे सगळ्यांचाच वेग मेला.

पायरी ५: मेल आणि फाइली

विद्यापीठाचा मेल खासगी मेलवर आपोआप पुढे पाठवू नका. मेल पुढे जातो तेव्हा तो मूळ पाठवणाऱ्याच्या नावाने, पण भलत्याच सर्व्हरवरून आलेला दिसतो. त्यामुळे समोरची यंत्रणा कधीकधी त्याला स्पॅममध्ये टाकते किंवा नाकारते, आणि नेमका परीक्षेचा मेल हरवतो. त्याऐवजी फोनवरच्या मेल ॲपमध्ये दोन्ही खाती जोडा. काम तेच होतं, धोका नाही.

‘मेलबॉक्स भरली आहे, चोवीस तासांत पडताळणी करा’ असा मेल येणारच. हेल्पडेस्क पासवर्ड कधीही मागत नाही. मेलवर नाही, फोनवर नाही, समोर बसूनही नाही. संशय आला तर मेलमधल्या लिंकवर न जाता ब्राउझरमध्ये पत्ता स्वतः टाइप करून खातं बघा.

आता फाइली. लॅबमधले संगणक बऱ्याच ठिकाणी रीस्टार्ट झाले की मूळ स्थितीत परत जातात. डेस्कटॉपवर, डाउनलोडमध्ये, कुठेही ठेवलेलं पुसलं जातं. हा बिघाड नाही, मुद्दाम केलेली व्यवस्था आहे, आणि पुसलेलं परत आणता येत नाही. लॅबमध्ये बसल्यावर पहिलं काम: नेटवर्क ड्राइव्ह (विद्यापीठाच्या सर्व्हरवरची तुमची जागा) किंवा क्लाउडवर फोल्डर उघडणं आणि रिकामी फाइल आधी तिथे सेव्ह करणं. लिहायला सुरुवात त्यानंतर.

दुसरा गैरसमज: ‘क्लाउडला सिंक आहे म्हणजे बॅकअप आहे.’ नाही. एका ठिकाणी पुसलं की सिंक ते सगळीकडून पुसतं. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत फाइल ३० दिवस राहते, संस्थेच्या वनड्राइव्हमध्ये नेहमीच्या सेटिंगनुसार ९३ दिवस. त्यानंतर तुमच्या हातात काही उरत नाही. प्रबंधासारख्या कामाच्या तीन प्रती ठेवा, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या जागी.

फोल्डरांची नावं छोटी ठेवा. विंडोजमध्ये अनेक प्रोग्राम अजूनही फाइलच्या पूर्ण पत्त्याची, म्हणजे सगळ्या फोल्डरांच्या नावांसकट, लांबी २६० अक्षरांपर्यंतच झेपवतात. ‘अंतिम’, ‘अंतिम नवीन’, ‘खरंच अंतिम’ अशी एकात एक फोल्डरं रचली की फाइल दिसते पण उघडत नाही. नावात तारीख घाला, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. यादी आपोआप ओळीत लागते.

तपासा: लॅबमधून उठताना ब्राउझरमधून साइन आउट, संगणकातून साइन आउट, पेनड्राइव्ह काढली का, हे तीन. नुसता मॉनिटर बंद करून जाणारे रोज दिसतात.

पायरी ६: सॉफ्टवेअर

स्वतः विकत घेण्याआधी किंवा, स्पष्टच बोलतो, चोरीची प्रत उतरवण्याआधी विद्यापीठाची सॉफ्टवेअरची यादी बघा. मॅटलॅब (गणितासाठी), एसपीएसएस (संख्याशास्त्रासाठी), ऑफिस यांचे परवाने कितीतरी ठिकाणी आधीच घेतलेले असतात आणि विद्यार्थ्यांना ते माहीतच नसतं. यादीत तीन गोष्टी वाचा: स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं की फक्त लॅबमध्ये, दर वेळी व्हीपीएन लागतं का, आणि मुदत कधी संपते. मुदतीची तारीख कॅलेंडरमध्ये टाका, कारण ती हमखास परीक्षेच्या तोंडावर संपते. विद्यार्थी परवान्यावर पैसे घेऊन केलेलं काम बहुधा चालत नाही, हेही ध्यानात असू द्या.

लॅबमधली आवृत्ती आणि तुमची आवृत्ती जुळवून घ्या. नव्या आवृत्तीत बनवलेली फाइल जुन्यात उघडेलच असं नाही, आणि प्रात्यक्षिक परीक्षा लॅबच्या संगणकावर असते.

परवाना नसेल तर मोफत पर्याय कमी नाहीत: मॅटलॅबऐवजी ऑक्टेव्ह, एसपीएसएसऐवजी पीएसपीपी किंवा आर, नकाशांसाठी क्यूजीआयएस, संदर्भसूचीसाठी झोटेरो. फक्त शिक्षकांना आधी विचारा. काहींना विशिष्ट प्रोग्रामचीच फाइल हवी असते.

पायरी ७: घरून जर्नल वाचणं

लेख शोधून थेट प्रकाशकाच्या पानावर गेलात की पैसे मागितले जातात, आणि विद्यार्थी समजतात की विद्यापीठाकडे तो नाही. उलट दिशेने जा: ग्रंथालयाच्या पानावर लॉगिन करा आणि तिथून जर्नल उघडा. प्रकाशकाच्या पानावर ‘संस्थेमार्फत प्रवेश’ अशा अर्थाचा दुवा असेल तर तोही चालतो. व्हीपीएन लागत असेल तर ते आधी चालू करा, मग ब्राउझर नव्याने उघडा.

सावधान: एखादा प्रोग्राम लावून शेकडो लेख एकदम उतरवू नका. प्रकाशकाच्या यंत्रणेला ते कळतं आणि ती कधीकधी संपूर्ण विद्यापीठाचाच प्रवेश बंद करते. मग सगळा विभाग खोळंबतो आणि शोध तुमच्या खात्यापर्यंत येऊन थांबतो. मजकुराचं मोठं विश्लेषण करायचं असेल तर ग्रंथपालांशी आधी बोला.

पायरी ८: ऑनलाइन सबमिशन

मूडलसारख्या ऑनलाइन कोर्सच्या प्रणालीत ‘फाइल अपलोड झाली’ आणि ‘असाइनमेंट सबमिट झाली’ या दोन वेगळ्या घटना असू शकतात. शिक्षकांनी तशी सेटिंग ठेवली असेल तर अपलोडनंतर स्थिती ‘मसुदा’ अशीच राहते आणि खाली आणखी एक बटण दाबावं लागतं. ते न दाबल्यामुळे शून्य मिळालेली मुलं मी पाहिली आहेत. काम पूर्ण होतं, वेळेत होतं, सर्व्हरवर पडून होतं.

क्रम असा ठेवा:

१. आदल्या दिवशी अर्धवट का होईना, एक फाइल चढवून पाहा. किती एमबी चालतात, कोणता प्रकार चालतो, हे कळतं. बदलता येतं का, हे मात्र चढवण्याआधी वाचा.
२. अंतिम फाइल पीडीएफ करा आणि ती पीडीएफ उघडून शेवटच्या पानापर्यंत बघा. देवनागरीत लिहिलं असेल तर जोडाक्षरं तुटली नाहीत ना, ते खास बघा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं समोरच्या यंत्राला निरर्थक रोमन अक्षरांसारखं दिसतं.
३. चढवा. शेवटचं बटण दाबा.
४. स्थिती वाचा. ‘सबमिट’ असं लिहिलेलं दिसलं पाहिजे.
५. चढवलेली फाइल तिथून परत उतरवून उघडा. चुकीचा मसुदा चढवण्याची चूक फक्त इथे पकडली जाते.
६. तारीख-वेळेसह पूर्ण स्क्रीनचा फोटो ठेवा. पोचीचा मेल आला तर जपा.

डेडलाइनची वेळ कोणत्या वेळपट्टीत (टाइम झोनमध्ये) दाखवली जाते तेही बघा. प्रोफाइलमध्ये चुकीची वेळपट्टी राहिली असेल तर पानावरची वेळ काही तासांनी सरकलेली दिसते.

उत्तरं थेट पानावरच्या चौकटीत टाइप करायची असतील तर आधी साध्या फाइलमध्ये लिहा, मग चिकटवा. बराच वेळ काही न पाठवता टाइप करत राहिलात तर लॉगिनची मुदत संपू शकते, आणि ‘सेव्ह’ दाबल्यावर समोर लॉगिनचं पान येतं.

सर्व्हर खरोखरच बंद असेल तर डेडलाइनच्या आत शिक्षकांना फाइल मेलने पाठवा, सोबत चुकीच्या संदेशाचा फोटो जोडा, आणि हेल्पडेस्कला कळवा. नंतर सांगितलेलं आणि आधी पाठवलेलं यांत फार अंतर असतं.

पायरी ९: प्रिंट

यावर फार बोलण्यासारखं नाही. पीडीएफच पाठवा, कारण लॅबमधल्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल. पानाचा आकार ए४ आहे का बघा. लेटर हा अमेरिकी आकार राहिला तर प्रिंटर दुसरा कागद मागत थांबू शकतो आणि मागच्यांची रांग तुमच्या नावाने बोटं मोडते. पाठवलेलं काम बहुधा ओळखपत्र टेकवल्यावरच छापलं जातं आणि काही तासांनी पुसलं जातं. प्रबंधाचं एक पान आधी छापून पाहा.

पायरी १०: मोठी गणितं चालवायची असतील तर

विद्यापीठाचा सुपरकॉम्प्युटर किंवा क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक संगणक) वापरणाऱ्यांसाठी तीन वाक्यं. लॉगिन केल्यावर ज्या यंत्रावर पोहोचता ते सगळ्यांचं दार आहे, तिथे गणित चालवू नका, कामं पाळीपाळीने चालवणाऱ्या स्लर्मसारख्या प्रोग्रामच्या रांगेत काम टाका. आधी दहा मिनिटांचं छोटं काम टाकून किती वेळ आणि किती मेमरी लागते ते मोजा, कारण मागितलेली वेळ संपली की काम अर्ध्यात तोडलं जातं आणि अवाच्या सवा वेळ मागितली तर रांगेत ताटकळावं लागतं. तात्पुरत्या डिस्कवरच्या जुन्या फाइली ठरावीक काळाने पुसल्या जातात, तेव्हा निकाल त्याच दिवशी उचला.

पायरी ११: हेल्पडेस्कशी बोलणं

आधी पाच मिनिटं स्वतः शोध घ्या: दुसऱ्या ब्राउझरवर होतं का? मोबाइल डेटावर होतं का? शेजाऱ्याला होतं का? या तीन उत्तरांवरून दोष खात्यात, यंत्रात की जाळ्यात ते बहुतेक वेळा कळतं. सेवांच्या स्थितीचं पान असेल तर तेही बघा.

मग योग्य दार. गुण दिसत नाहीत हा परीक्षा विभागाचा प्रश्न, जर्नल उघडत नाही हा ग्रंथालयाचा, कोर्सच्या पानावर नाव नाही हा विभागाच्या कार्यालयाचा. खातं, वायफाय, मेल, लॅब हे संगणक केंद्राचं. चुकीच्या दारावर गेलात तर तिकीट, म्हणजे तुमच्या तक्रारीची नोंद, फिरत राहतं.

आमच्याकडे यायची अशी तिकिटं: ‘वायफाय चालत नाही. अर्जंट.’ यावर पहिलं उत्तर प्रश्नच असणार, आणि एक दिवस गेला. याउलट हे पाहा:

‘आज सकाळी १०.१५ पासून ग्रंथालयाच्या दुसऱ्या मजल्यावर लॅपटॉप एड्युरोमला जोडला जात नाही. विंडोज ११. फोन त्याच जागी जोडला जातो. काल रात्री पासवर्ड बदलला. वायफायची नोंद पुसून पुन्हा जोडून पाहिलं. संदेशाचा फोटो जोडला आहे. लॉगिनचं नाव अमुक.’

हे वाचताच बसलेल्या माणसाला कुठे बघायचं ते कळतं. जागा, वेळ, उपकरण, आधी काय बदललं, काय करून पाहिलं, संदेशाचे नेमके शब्द. ‘काहीतरी एरर आला’ यातलं ‘काहीतरी’ हेच तर आम्हाला हवं असतं.

एका तिकिटात एकच प्रश्न. उत्तर आलं की त्याच मेलला उत्तर द्या, विषयातला क्रमांक तसाच ठेवा. घाई म्हणून दुसरं तिकीट काढलं तर दोन माणसं एकच काम नकळत करत बसतात. काही दिवस तुम्ही उत्तर दिलं नाही तर तिकीट आपोआप बंद होतं, यात कुणाचा राग नसतो.

सावधान: तिकिटात पासवर्ड, कोड किंवा रिकव्हरी यादीचा फोटो पाठवू नका. फोटो काढताना शेजारच्या विंडोत काय उघडं आहे तेही बघा. आम्ही नको ते पुष्कळ पाहिलं आहे.

दिसायला, ऐकायला किंवा टाइप करायला अडचण असेल तर अपंग विद्यार्थी कक्षाकडे सत्राच्या सुरुवातीलाच जा. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम) असलेलं यंत्र, परीक्षेत जादा वेळ, पर्यायी स्वरूपातलं साहित्य यांना मंजुरी लागते आणि ती आदल्या दिवशी होत नाही. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे, तो स्वतःच्या विंडोज लॅपटॉपवर बसवता येतो. पण निव्वळ स्कॅन केलेली पीडीएफ म्हणजे चित्र, ती त्याला थेट वाचता येत नाही. अक्षरओळख केलेली प्रत मागा, ती देणं हे त्यांचं कामच आहे. लॅपटॉप नसेल किंवा बिघडला असेल तर उसना मिळतो का, हेही विचारा. बऱ्याच ठिकाणी मिळतो आणि मागायला कुणी जात नाही.

पायरी १२: विद्यापीठ सोडताना

खातं किती दिवस चालू राहील याची तारीख लेखी विचारा. काही ठिकाणी निकालानंतर थोड्याच आठवड्यांत बंद होतं. बंद झाल्यावर मेल, ड्राइव्ह आणि त्या पत्त्यावर उघडलेली बाहेरची खाती, तिन्हींना एकदम कुलूप लागतं.

क्रम असा. प्रथम, विद्यापीठाच्या पत्त्यावर उघडलेल्या बाहेरच्या सगळ्या खात्यांची यादी करा. मेलमध्ये ‘स्वागत’ आणि ‘पडताळणी’ या अर्थाचे शब्द इंग्रजीतही शोधलेत की विसरलेली खाती वर येतात. प्रत्येक ठिकाणी खासगी ईमेल आधी जोडा, पडताळणी करा, मग तो मुख्य करा. गिटहब (प्रोग्रामचा कोड ठेवण्यासाठी), ओव्हरलीफ (ऑनलाइन लेखनासाठी), ऑर्किड (संशोधकांचा ओळख क्रमांक) यांत एकाहून अधिक पत्ते ठेवता येतात.

मग फाइली. गूगलचं खातं असेल तर टेकआउट ही गूगलचीच डेटा उतरवायची सोय वापरून प्रत उतरवा. ती झिप फाइल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहिल्याशिवाय मूळ पुसू नका. दुसऱ्यांनी तुमच्याशी शेअर केलेल्या फाइली त्या प्रतीत येतीलच असं धरू नका, त्या वेगळ्या उतरवा. आणि तुम्ही मालक असलेल्या गटाच्या फाइली गटातल्या कुणाच्या तरी नावावर करा. तुमचं खातं गेलं की त्यांचा प्रोजेक्टही त्याच रात्री जाऊ शकतो, आणि ते सोमवारी सकाळी रांगेत उभे असतील.